हेरेसमधले विरजण

४ डिसेंबर, हेरेस दे ला फ्रोंतेरा

सेव्हिलहून सकाळच्या रेल्वेने निघाले आणि तासाभरात हेरेसला उतरले. स्पेनच्या दक्षिणेकडील अंदालुसिया प्रांतातल्या या गावी येण्याची इच्छा मनात कित्येक वर्षे होती. तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत वाढताना द्राक्षाचे दोनच मार्ग मला ठाऊक होते. चांगला घड बाजाराला जायचा आणि उरलेल्याचा बेदाणा व्हायचा. द्राक्षाला तिसरा मार्ग देणारे आणि त्यासाठी शतकानुशतके धीर धरणारे गाव एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढाच माझा हेतू होता.

गावाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. अरबांच्या राजवटीत याला शेरिश म्हणत. त्या शब्दावरून स्पॅनिशमध्ये हेरेस झाले आणि इंग्रजांच्या तोंडी इथल्या वाइनला ‘शेरी’ हे नाव पडले. १२६४ मध्ये दहाव्या अल्फोन्सो राजाने हे गाव जिंकून घेतले, आणि त्यानंतर ग्रानादाच्या मुस्लिम राज्याच्या सरहद्दीवरचे ठाणे म्हणून ‘फ्रोंतेरा’, म्हणजे सीमा, हा शब्द नावाला जोडला गेला तो कायमचाच. दुपारी आल्कासार हा बाराव्या शतकातला किल्ला पाहिला. तिथल्या लहानशा मशिदीचे पुढे प्रार्थनामंदिर झाले, तरी आतली अष्टकोनी रचना आणि वरचा घुमट अजून तसाच आहे. तिथे मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

संध्याकाळी गावाबाहेरच्या मळ्यात गेले. इथल्या मातीला आल्बारीसा म्हणतात. ती इतकी पांढरी आहे की उतरत्या उन्हातही डोळे दिपतात. एक ढेकूळ हातात घेऊन चुरडले तर बोटांवर खडूसारखी पूड उरली. वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्याच्या आगेमागे, आणि उन्हाळा अगदी कोरडा जातो. म्हणून काढणी आटोपली की वेलींच्या दोन ओळींमध्ये चौकोनी खड्डे काढून ठेवतात, त्यांना आसेर्पिया म्हणतात. पडलेले पाणी उतारावरून वाहून न जाता त्या खड्ड्यांत थांबते आणि जमिनीत मुरते. उन्हाळ्यात या मातीचा वरचा थर कडक होऊन झाकणासारखा बसतो आणि खालची ओल टिकवून धरतो. टँकर मागवून बाग जगवल्याची वर्षे मी पाहिली आहेत. त्यामुळे ते ओळीने काढलेले खड्डे पाहताना माझे मन भरून आले.

५ डिसेंबर

आजचा सबंध दिवस एका जुन्या बोदेगात, म्हणजे वाइन मुरवण्याच्या कोठारात, गेला. देवळाच्या सभामंडपासारखे उंच छत, जाड भिंती, खूप वर असलेल्या खिडक्या आणि त्यांवर एस्पार्तो गवताच्या चटया. जमिनीवर वाळूसारखी पिवळसर माती पसरलेली असते. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडून गारवा राखतात, असे दाखवणाऱ्या बाईंनी सांगितले आणि मला वाळ्याच्या पडद्यांची आठवण झाली. अटलांटिककडून येणारा दमट वारा आत घ्यायचा आणि पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा अडवायचा, हाच सगळ्या बांधणीमागचा विचार आहे.

आत काळ्या रंगाची ओक लाकडाची पिंपे एकावर एक रचलेली होती. त्यांपैकी एका पिंपाच्या तोंडाला लाकडाऐवजी काच बसवली होती. तिच्यापाशी जाऊन वाकले, तेव्हा वाइनच्या पृष्ठभागावर मळकट पांढऱ्या रंगाचा, जागोजागी सुरकुतलेला एक थर दिसला. माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाला, “साय!” ते लोक या थराला फ्लोर, म्हणजे फूल, म्हणतात. हा यीस्टचा जिवंत थर असतो आणि त्याला श्वास घेता यावा म्हणून पिंप काठोकाठ न भरता सहावा हिस्सा मोकळा ठेवतात. मद्यार्काचे प्रमाण सुमारे १५ टक्के ठेवले तर ही साय धरते, वाइनला हवा लागू देत नाही, आणि फिकट रंगाची, कोरडी, कच्च्या बदामाच्या वासाची फिनो तयार होते. तेच प्रमाण १७ टक्क्यांवर नेले की साय मरते, वाइनला हवा लागते, आणि वर्षे जातील तशी ती गडद होऊन तिची ओलोरोसो होते. द्राक्ष एकच, पालोमिनो. खायला ते अगदी मिळमिळीत फळ आहे. आमच्याकडे मण्याचा आकार, रंग आणि गोडी पाहून शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा भाव ठरतो. इथे मात्र त्या साध्या फळाचे पुढे काय होणार, हे माती आणि सांभाळ ठरवतात.

मुरवण्याची पद्धत समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तीच माझ्या मनात सर्वांत खोल उतरली. जमिनीलगतच्या पिंपांच्या रांगेला सोलेरा म्हणतात आणि तिथली वाइन सर्वांत जुनी असते. बाटल्या भरण्यासाठी तिच्यातून थोडीच वाइन काढतात, वर्षाला एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. जेवढी काढली तेवढी जागा वरच्या रांगेतल्या वाइनने भरतात, त्या रांगेत तिच्याही वरची उतरते, आणि सर्वांत वर या वर्षीची नवी वाइन येते. कोणतेही पिंप पूर्ण रिकामे होत नाही, म्हणून जुन्यातला काही अंश कायम मागे राहतो आणि नव्याला आपल्या वळणावर नेतो. हे विरजणच आहे. आमच्या आजीच्या घरी विरजण कधी संपू दिले नाही. कालच्या दह्यातले चमचाभर बाजूला काढल्याखेरीज ताक घुसळायला ती बसत नसे. विशेष म्हणजे पिंपात नवी वाइन घालण्याच्या कामाला इथले कामगार रोसिओ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ दंव असा आहे. खालच्या थराला धक्का लागू नये म्हणून ती दंवासारखी हळुवार पडायला हवी.

पिंपातला नमुना काढायला लांब, लवचिक दांड्याची अरुंद पळी वापरतात, तिला बेनेन्सिया म्हणतात. साय न विस्कटता ती सरळ खाली जाते. बाईंनी ती वर काढली, हात डोक्यापलीकडे उंच नेला आणि कमरेजवळ धरलेल्या पेल्यात बारीक धार सोडली. एक थेंबही बाहेर पडला नाही.

शेवटी पेद्रो हिमेनेस चाखली. या जातीची द्राक्षे काढणीनंतर चटयांवर उन्हात सुकवतात आणि मग त्यांचा रस काढतात. रंग काकवीसारखा, दाटपणाही तसाच. जिभेवर पहिला घोट येताच मार्चमधली आमची बेदाण्याची शेड, जाळीवर पसरलेले मणी आणि त्यांचा तो गोड, किंचित आंबूस वास इतक्या स्पष्टपणे आठवला की मी पेला खाली ठेवला.

रात्री सान्तियागो या जिप्सी वस्तीच्या जुन्या मोहल्ल्यात गेले. नाताळाआधीच्या आठवड्यांत इथे साम्बोम्बा भरते. साम्बोम्बा हे मुळात वाद्याचे नाव आहे. मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून बसवतात, त्याच्या मधोमध वेताची काडी असते, आणि ओल्या हाताने ती वरखाली चोळली की आतून खोल घुमणारा आवाज येतो. अंगणात शेकोटी पेटली होती. एक वयस्क बाई गाणे उचलत होत्या आणि भोवतालची सगळी माणसे, अगदी लहान मुलेसुद्धा, टाळ्यांच्या ठेक्यावर ते पुढे नेत होती. रंगमंच नव्हता आणि तिकीटही नव्हते. बाजूला बसलेल्या आजींनी माझे हात धरून टाळी कुठे पडते ते मला दोनदा दाखवले.

६ डिसेंबर

सकाळी आप्पांना फोन लावला. किल्ला, वाइन, गाणी हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “पाऊस किती पडतो म्हणालीस?” मी आकडा सांगितला आणि त्या खड्ड्यांविषयीही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. “हातानं खणतात का?” “पूर्वी हातानं खणायचे, आप्पा. आता ट्रॅक्टरला अवजार लावून काढतात.” “लांबी-रुंदी मोजलीस का?” मी मोजली नव्हती. परतीची रेल्वे दुपारी होती, म्हणून हॉटेलातून मोजपट्टी मागून घेतली आणि पुन्हा मळ्याकडे निघाले.