जुनोनीचा वारा आणि तासगावचा बेदाणा

मार्च महिन्यात मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की दंडोबाच्या डोंगरापर्यंत मळे सोबत करतात. कवठे महांकाळ ओलांडलं की हिरवं विरळ होत जातं आणि नागजच्या पुढे दोन्ही बाजूंच्या माळांवर लांबच लांब शेड दिसायला लागतात. त्यांना भिंती नाहीत. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर प्लास्टिकचा कागद, ऊन येईल त्या बाजूला हिरवी शेडनेट, आणि आत एकाखाली एक जाळ्यांचे दहा-अकरा थर. प्रत्येक थरावर बेदाण्यासाठी सुकायला द्राक्षं पसरलेली. सांगली जिल्हा संपून सोलापूर जिल्हा सुरू होतो तिथे जुनोनी लागतं, आणि तिथपर्यंत हेच दृश्य.

द्राक्षं मात्र इथली कमीच. ती येतात तासगाव, मणेराजुरी, सावळज, पलूस या भागातून, काही तर पन्नासेक किलोमीटरवरून टेंपोत बसून. इतक्या लांब आणायचं कारण एकच, इथली हवा. हा पर्जन्यछायेचा पट्टा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा पारा अडतीस-चाळीसला टेकतो, हवेतला ओलावा पार खाली जातो आणि मोकळ्या माळावर वारा दिवसभर हटत नाही. ज्या कोरड्या हवेनं इथल्या कित्येक पिढ्यांना शेती सोडून बाहेरगावी जायला लावलं, तीच हवा आज किलोच्या भावानं पैसे देते. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी पुष्कळ शिवारांत पोचलं, बागाही वाढल्या. पण शेडच्या धंद्याला पाण्यापेक्षा पाणी नसलेली हवा लागते. ही गोष्ट ज्यांनी पहिल्यांदा ओळखली त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

शेडवर सकाळी लवकर पोचावं. टेंपो रिकामे होत असतात. क्रेट उतरवायच्या आधी शेडमालक चार-पाच घडांतले मणी काढतो, वरचा, मधला, टोकाचा, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे गोडी मोजायच्या उपकरणाच्या, काचेवर रस पिळतो. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं साधारण शेकडा प्रमाण. ते बावीस किंवा त्याच्या वर असेल तर चेहरा खुलतो. अठरा आलं की बागायतदाराशी बोलणं सुरू होतं. कारण सरळ हिशेबाचं आहे. बेदाण्यात सुमारे पंधरा टक्के पाणी राहतं, बाकी सगळं द्राक्षातलं घन. बावीस ब्रिक्सच्या एक टन मण्यांतून कागदावर जवळपास 259 किलो बेदाणा निघतो, अठरा ब्रिक्सच्या टनातून 212. देठ आणि गळ वजा केली की दोन्ही आकडे उतरतात, पण टनामागचा चाळीस-पंचेचाळीस किलोचा फरक तसाच राहतो. शिवाय कमी गोडीच्या मालाचा बेदाणा पातळ, सुरकुतलेला होतो, हातात भरत नाही. ‘चार किलोला एक किलो’ हा इथला सगळ्यांच्या तोंडचा हिशेब आहे, पण तो चांगल्या गोडीच्या मालाचा. आठ दिवस आधी घाईनं काढलेल्या बागेला तो लागू होत नाही.

मग येतं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही पाच मिनिटं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

द्राक्षाच्या मण्यावर मेणाची बारीक लव असते. बोट फिरवलं की पुसली जाते ती. तिचं काम आतलं पाणी आत ठेवायचं. तसाच घड जाळीवर टाकला तर तो सुकायला महिनाभर घेईल, तोवर काळा पडेल किंवा कुजेल. म्हणून शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल असं द्रावण करतात. तेलातला मुख्य घटक इथाइल ओलिएट. तो मेणाच्या थराची रचना सैल करतो आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. साल मात्र फाटत नाही, आणि सगळी खुबी त्यातच आहे.

द्रावण करायचीही रीत आहे. पावडर आधी बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवायची. तेल दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात फेटून दुधासारखं पांढरं करायचं. मग दोन्ही टाकीत ओतून ढवळायचं. तेल थेट टाकीत ओतलं तर ते वर तरंगतं. पहिल्या क्रेटला तेलच तेल लागतं आणि शेवटच्याला नुसतं पाणी. सामू (पीएच) अकराच्या आसपास असावा लागतो, तो पट्टीवर तपासतात. क्रेट दोन ते चार मिनिटं बुडवायची, उचलायची, निथळू द्यायची. वेळ जास्त झाला की साल भाजल्यासारखी होते आणि तो माल पुढे तपकिरी पडतो. फुटक्या मण्यांचा रस आणि धूळ उतरून द्रावण गढूळ होत जातं, सामू घसरतो. पाण्याचा रंग पाहून टाकी बदलणारा माणूस ज्या शेडवर आहे, त्या शेडचा माल एकसारखा निघतो. दोनशे रुपयांचं तेल वाचवायला तेच पाणी दिवसभर चालवणारे पुढे बाजारात किलोमागे कितीतरी जास्त घालवतात.

एका शेडवर हे काम पाहणारा पंचविशीचा मुलगा कृषी पदविका घेतलेला होता. नोकरीसाठी पुण्याला न जाता त्यानं वडिलांच्या पडीक माळावर शेड उभारली होती. त्याच्या खिशात वही होती. तारीख, कुठली बाग, ब्रिक्स, द्रावण कधी बदललं, कितव्या दिवशी माल उतरला, बागायतदाराला किती बेदाणा परत गेला, सगळं लिहिलेलं. शेडवाले तयार बेदाण्याच्या किलोवर आपली मजुरी घेतात, द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही बागायतदाराचेच राहतात. म्हणजे शेडवाल्याचं भांडवल म्हणजे जागा, लोखंड आणि विश्वास. ‘वजनात एकदा जरी गडबड झाली ना, तर पुढच्या साली टेंपो दुसऱ्या शेडकडं वळतोय,’ तो म्हणाला. बागायतदार आला की वही त्याच्यापुढे उघडी ठेवायची, हा त्याचा नियम.

बुडवलेले घड जाळीवर एकाच थरात पसरतात. मोठे घड कात्रीनं दोन-तीन तुकड्यांत सोडवलेले असतात. घडावर घड चढला की खालचा मणी ओला राहतो आणि तिथूनच बुरशी धरते. दोन थरांत हातभर अंतर असावं लागतं. शेडची रुंदी वाढवून जास्त माल बसवण्याचा मोह नव्या लोकांना होतो. मग मधल्या रॅकला वारा पोचत नाही, कडेचा माल बाराव्या दिवशी तयार आणि मधला अठराव्या दिवशीही चिकट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कमी मात्रेच्या द्रावणाची फवारणी जाळीवरच देतात, वरून आणि खालूनही. खालची बाजू राहून गेली तर एकाच मण्याला दोन रंग येतात.

ऊन थेट लागू द्यायचं नाही. उन्हात बेदाणा लवकर सुकतो, पण तपकिरी होतो. हिरवट बेदाण्याला बाजारात मान आहे, आणि तो रंग सावलीत, वाऱ्यावर, बारा ते पंधरा दिवसांतच मिळतो. दुपारी दोन वाजता अशा शेडच्या आत उभं राहिलं तर बाहेर अंग भाजत असताना आत गोडसर, किंचित आंबूस वास असतो आणि सात-आठ दिवसांचे मणी अजून अर्धे फुगीर, अर्धे सुरकुतलेले दिसतात. चिमटीत धरला तर साल हलते आणि आत जेलीसारखा गर लागतो.

याच टप्प्यावर अवकाळी पाऊस सर्वांत जास्त घात करतो. नुकत्याच टाकलेल्या मालाची साल ताठ असते, शेवटच्या टप्प्यातला माल घाईनं उतरवता येतो. मधल्या पाच-सहा दिवसांतला माल मात्र ना द्राक्ष ना बेदाणा. ओलावा लागला की मणी तडकतात, रस एकमेकांना चिकटतो, दोन दिवसांत काळे डाग येतात. ढग दिसले की बाजूचे प्लास्टिकचे पडदे सोडतात. पण पडदे सोडून घरी गेलं तर आतली वाफ आतच कोंडते आणि न भिजताही माल काळवंडतो. म्हणून पाऊस थांबल्याबरोबर, मग रात्रीचे दोन का असेनात, पडदे गुंडाळायचे. काही ठिकाणी मोठे पंखे लावले आहेत. मार्च-एप्रिलमध्ये या गावांत रात्री आभाळ गडगडलं की माणसं अंगावरचं पांघरूण टाकून माळाकडे धावतात. वर्षभराचं उत्पन्न त्या जाळीवर असतं.

माल तयार झाला हे हातानं कळतं. मूठभर बेदाणा घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा राहिला तर दोन दिवस थांबायचं. दाणे आपापले सुटले तर उतरवायचं. सोळा टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला की पेटीत गोळे होतात आणि बुरशी लागते. फार वाळवला की दाणा कडक होतो, देठ काढताना साल फाटते, वजनही जातं. जाळीवरून उतरवलेला माल घासून, यंत्रातून काढून देठापासून वेगळा करतात, वारा देतात, धुतात, चाळण्यांवर आकारानं वेगळा करतात. रंग टिकायला गंधकाची धुरी देण्याची पद्धत आहे. ती मापातच हवी. जास्त झाली तर डोळे चुरचुरतात, बेदाण्याला वास राहतो आणि निर्यातीच्या तपासणीत तो माल मागे येतो. रंगासाठी धुरीचा मारा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. बारा दिवस नीट वारा दिलेल्या मालाला तिची गरज फारच थोडी लागते.

शेवटची निवड बायकांच्या हातची. मोठ्या हॉलमध्ये लांब टेबलं, वर दिवे, दोन्ही बाजूंना बायका. काळा दाणा, फुटका, देठासकटचा, खडा, काडी, एवढं सगळं चालत्या हातानं उचलायचं. आता रंग ओळखणारी सॉर्टिंग यंत्रं आली आहेत, तरी यंत्रातून आलेल्या मालावरही शेवटचा हात बाईचाच फिरतो. एका हॉलमध्ये तीस बायकांची टोळी सांभाळणाऱ्या मावशी भेटल्या. जत तालुक्यातल्या. बारा वर्षांपूर्वी रोजंदारीवर टेबलाला बसल्या, आज टोळीचं काम अंगावर घेतात, टेंपो ठरवतात, हजेरी आणि वजन स्वतः लिहितात. नवीन पोरीला त्या पहिले दोन दिवस फक्त काळा दाणा उचलायला लावतात. ‘आधी एकच दोष बगायला शिकव, डोळा बसला की बाकीचं आपोआप दिसतंय,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी हंगाम संपल्यावरचं विचारलं. शीतगृहात ठेवलेला माल वर्षभर थोडा थोडा बाहेर निघतो, पुन्हा निवडला जातो, त्यामुळे टोळीला पावसाळ्यातही काम असतं. गावाकडच्या कामात हे सहसा मिळत नाही.

परतताना तासगावला थांबा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराचं सात मजली गोपूर दुरून दिसतं, ते पाहाच. पण बाजार समितीत बेदाण्याचे सौदे कधी आहेत ते आधी विचारून ठेवा. पंधरा किलोच्या पेट्यांच्या थप्प्या, प्रत्येक लॉटपुढे उघडलेली पेटी, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका लॉटवरून दुसऱ्याकडे सरकत जातो. मूठ भरायची, दाबायची, सोडायची, एक दाणा तोंडात. शेडवर पाहिलेली तीच मुठीची परीक्षा इथे भाव ठरवते. देशभरातले खरेदीदार इथे आणि सांगलीत येतात. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पेट्यांवर गावाचं नाव ठळक छापणारेही वाढले.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. नमुना पाहताना मुठीतला बेदाणा परत पेटीत न टाकता जमिनीवर टाकायची जुनी सवय, म्हणजे उधळण. एका लॉटवर वीस हात पडले तर कितीतरी माल पायाखाली जातो, आणि तो बागायतदाराचा असतो. शेतकऱ्यांनी याविरुद्ध वारंवार आवाज उठवला आहे, बंदीचे निर्णयही झाले आहेत. ज्यानं रात्री दोनला पडदे गुंडाळले त्याच्या मालावर बूट पडताना पाहवत नाही. पैशाचीही तशीच ओढाताण. दिवाळीच्या आधी सौदे बंद ठेवून व्यापारी आणि अडत्यांची सगळी देणी मिटवायची पद्धत आहे, तिला इथे ‘शून्य पेमेंट’ म्हणतात. शेतकऱ्याचं दिवाळीचं गणित त्या तारखेवर अवलंबून असतं.

घरी न्यायला बेदाणा घेणार असाल तर पेटीतला वरचा नको, मधला मागा. अगदी एकसारखा चकचकीत हिरवा किंवा पिवळाधमक दिसला तर आधी वास घ्या. घशाला लागला तर सोडा. दाणा मऊ पण सुटा हवा, देठाकडचं टोक फाटलेलं नको, आणि चावल्यावर दातांत साखरेची कचकच यायला नको. तशी लागली तर तो माल जुना किंवा शीतगृहाबाहेर बराच काळ पडलेला असतो. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. शीतगृहात तो चार अंशांच्या आसपास असतो. स्वयंपाकघरातल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत त्याचा हिरवा रंग तपकिरी होतो.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. शेडवर जाताना विचारून जा, जाळीवरच्या मालाला हात लावू नका, आणि आभाळ भरून आलेलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका. त्या लोकांना तेव्हा बोलायला वेळ नसतो.