काकांचे कपडे कोण धुवायचं?

छातीत पाणी झालेला पेशंट आला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. पाण्यात लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए (टीबीत वाढणारं पाण्यातलं एक एन्झाइम) 40 च्या वर, की सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू. आमच्या अभ्यासात घ्यायचे होते ते यात न बसणारे पेशंट, ज्यांचं पाणी काढलं तरी पुन्हा भरतं. त्यांच्या फुप्फुसाचं आवरण दुर्बिणीतून पाहायचं, तुकडा घ्यायचा आणि आधीचे रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघायचे.

या मावशी साठीच्या. बाहेर कुठेतरी टीबीची औषधं सुरू होऊन दोन महिने झाले होते, तरी उजवीकडे पाणी पुन्हा भरलेलं. एडीए 44. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, निगेटिव्ह, पण आवरणाच्या टीबीतही ते बरेचदा निगेटिव्हच येतं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नव्हत्या.

फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहिलं आणि विचारलं, “काका काय करायचे?”

“सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते.”

“त्यांचे कपडे कोण धुवायचं?”

“मीच की. आधी दारात झटकायचे, नुसती पांढरी धूळ उडायची.”

सिमेंटच्या पत्र्यांत घातलेल्या ॲस्बेस्टॉसचे तंतू असे कपड्यांवरून घरी येतात आणि आजार उमटायला तीस-चाळीस वर्षंही लागतात. थोरॅकोस्कोपीला, म्हणजे छातीतल्या त्या दुर्बिणीच्या तपासणीला, घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं.

मावशी डाव्या कुशीवर, जाग्याच. काखेखाली भुलीचं इंजेक्शन, छोटासा छेद. पाणी ओढून घेतलं आणि स्क्रीनवर आवरण दिसलं. टीबीत बरेचदा साबुदाण्यासारखे बारीक दाणे पसरलेले असतात. इथे आवरण जाड, पांढरट, त्यावर लहानमोठ्या गाठी, पार डायफ्रामपर्यंत. ते इतकं टणक की चिमटा निसटायचा. चार-पाच जागांहून तुकडे घेतले. मावशींनी मध्येच विचारलं, “टीबीच आहे ना हो डॉक्टर? गोळ्यांनी जाईल ना?” सिस्टरनी त्यांचा हात धरला. रिपोर्ट येईपर्यंत थांबू या, एवढंच मी म्हणू शकलो.

बायोप्सीत मेसोथेलिओमा निघाला, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा आवरणाचा कॅन्सर. तो ओळखायच्या खुणा, कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-1, दोन्ही पॉझिटिव्ह. टीबीची औषधं थांबवली, पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरणाचे दोन थर चिकटवणारी टाल्कची पावडर सोडली आणि त्यांना कॅन्सर विभागाकडे पाठवलं. एडीएचा एक आकडा बघून त्या सहा महिने गोळ्या खात राहिल्या असत्या, याचा मला आजही त्रास होतो. पाणी पुन्हा भरत असेल तर तुकडा मिळवायलाच हवा, यावर मी अडून बसतो.

काकांनाही बोलावून एक्सरे काढला. त्यांच्या आवरणावर चुन्याचे चट्टे होते, ॲस्बेस्टॉसची खूण. त्रास काहीच नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. पण ती भरपाई कामगाराला. मावशी कारखान्याच्या हजेरीपटावर कधी नव्हत्याच.