चंदगडचं कार्ड, म्हापशाचं दुकान

फरशी बसवायच्या कामाला मी गोव्यात येऊन अकरा वर्षं झाली. गाव चंदगड तालुक्यात. तिलारी घाट उतरला, दोडामार्ग ओलांडलं की गोवा, त्यामुळे आम्हाला कुणी परदेशी म्हणत नाही. पण इथल्या लेखी आम्ही 'भायले'च. रेशन कार्ड गावचं, म्हणून तांदूळही गावाहून यायचा. आई दर महिन्याला पोतं बांधून एसटीत टाकायची, आणि डिझेलच्या वासाचा तांदूळ आम्ही खायचो.

'एक देश एक रेशन कार्ड', म्हणजे गावचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही चालतं, हे टीव्हीवर ऐकलं होतं. गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही जानेवारी 2020 पासून त्यात आहेत. सुप्रीम कोर्टानेही जून 2021 मध्ये स्थलांतरित कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना सगळ्या राज्यांना ही योजना 31 जुलैपर्यंत लागू करायला सांगितलं. गोवाही यात आहे हे मला कळलं फार उशिरा, साईटवर दुपारी मोबाईल बघताना. म्हणजे हक्क खिशात होता आणि मी पोत्याची वाट बघत होतो.

पहिल्या दुकानात कार्ड दाखवलं. दुकानदार कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "हें कार्ड हांगा चलना." अंगठ्याच्या मशीनला हातही लावला नाही. माझ्यामागे रांग होती, मी बाजूला झालो. घरी येऊन बायकोने विचारलं, "अहो, नंबर तरी घालून बघितला का त्यांनी?" नव्हता बघितला.

मग या योजनेच्या हेल्पलाईनला, 14445 वर, फोन लावला. तिकडून उत्तर सरळ होतं: कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या यादीतलं असेल आणि आधार जोडलेला असेल, तर कुठल्याही रेशन दुकानात चालतं. माणशी 5 किलो, 2023 पासून फुकट. राज्याचं वेगळं काही असेल ते मात्र मिळणार नाही. आमच्यातल्या एकाचं कार्ड केशरी आहे, पण प्राधान्य यादीत नाव नाही. त्याला ना गावात, ना इथे.

दुसरं दुकान म्हापशात, कामाच्या वाटेवरचं. तिथल्या बाईंनी कार्डाचा बारा आकडी नंबर दाबला आणि मशीन माझ्याकडे फिरवलं. स्क्रीनवर आमची पाचही नावं: आई, भाऊ, मी, बायको, मुलगी. आपलं नाव गोव्यातल्या मशीनवर बघताना कसं वाटतं ते सांगता येत नाही. बायकोचं नाव तिथे दिसतंय यासाठी मी लग्नानंतर तीन वर्षं तिच्या माहेरच्या तहसीलच्या खेपा मारल्यात. आधी तिकडून नाव कमी केल्याचा दाखला, मग इकडे चढवायचं.

मग अंगठा. लागेना. सिमेंट-ग्राऊटने बोटं अशी घासलीत की रेघाच राहिल्या नाहीत. बाईंनी ओलं फडकं दिलं, पुसून झालं. दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मशीन दरवेळी लाल. पाठच्या म्हाताऱ्याने सल्ला दिला, "खोबरेल लाव." तेही लावलं. शेवटी बाई म्हणाल्या, "कार्डावर नाव असलेलं कुणीही चालतं. मिसेसना आणा."

दुसऱ्या दिवशी बायको दोन घरची भांडी उरकून आली. तिचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागला. पण शिल्लक शून्य! आईने गावात नेहमीप्रमाणे पाचही जणांचं 25 किलो आधीच उचललं होतं. आम्ही दोघं हसलो, करणार काय. बाईंनी तेव्हा समजावलं, की सगळं एकाच ठिकाणी उचलायची सक्ती नाही. आईने गावात दोघांचं घ्यावं, इथे आम्ही तिघांचं. हे पहिल्या दुकानदाराने सांगितलं असतं तर माझे दोन हाजरीचे दिवस वाचले असते.

आईला पटवायला मात्र खरा घाम फुटला. "तिथं उचललंस तर आमचं बंद करतील," हेच पुन्हापुन्हा. शेवटी गावच्या दुकानदाराशी भावाला बोलायला लावलं, तेव्हा ती ऐकली.

पुढच्या महिन्यात 15 किलो घेऊन आलो. बाईंनी वजनकाटा माझ्याकडे वळवून ठेवला होता आणि पावतीही दिली. घरी बायको सूप घेऊन निवडायला बसली, वेगळे दिसणारे दाणे बाजूला काढू लागली. शेजारीण म्हणाली, प्लॅस्टिकचा तांदूळ आहे. प्लॅस्टिक कसलं, लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे आहेत ते. तेव्हा सगळीकडच्या रेशनमध्ये यायचे. बायकोला म्हटलं, फेकू नकोस, परत मिसळ.

संध्याकाळी आईचा फोन. कार्ड बंद झालं नाही हे तिने आधी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "मग आता पोतं पाठवू नको?"

म्हटलं, गणपतीला येताना नाचणी तेवढी दे.