बाबांची स्क्रीन उजळली
काल रात्री बाबांच्या लॅपटॉपवरची लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) अपग्रेड केली आणि आज सकाळी स्क्रीन काळी ठिक्कर. पंखा फिरतोय, कीबोर्डचे दिवे लागतायत, पण दिसत काहीच नाही. बाबा खुर्चीत गप्प बसले होते. आईची जुनी पत्रं ते टाइप करून ठेवतायत, ते काम अर्ध्यावर. घंटाळीजवळच्या दुकानात फोन केला, तर 'पॅनलच बदलावं लागेल' म्हणाले.

मन मानेना. खोलीत अंधार केला, मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. आणि पाण्याखालून दिसावी तशी लॉगिनची पुसट चौकट दिसली! म्हणजे पॅनल शाबूत, मागचा बॅकलाइट, म्हणजे स्क्रीन उजळवणारा दिवा, तेवढा लागत नव्हता. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, तिथे सगळं लख्ख.

मग रीस्टार्ट करून ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या) मेनूतून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा आधीचा गाभा, निवडला, स्क्रीन उजळली. (अपग्रेड झाल्या झाल्या जुना कर्नल उडवू नका, कळकळीने सांगतोय.) नंतर ग्रबच्या फाइलमध्ये बॅकलाइट कशाने हाताळायचा ते ठरवणारं 'एसीपीआय बॅकलाइट' हे सेटिंग 'नेटिव्ह' केलं, बदल लागू व्हावा म्हणून अपडेट-ग्रब ही कमांड चालवली. आता नवा कर्नलही नीट चालतोय.

बाबांनी चष्मा चढवला आणि आईचं १९८२ सालचं पत्र पुढे टाइप करायला घेतलं.