आमची वाटचाल : उडी वाचता येणारा फोटोग्राफर

आम्ही स्नोबोर्डिंगचे, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या खेळाचे, फोटो काढतो. सुरुवातीला आमच्याकडे येणारं काम मुख्यतः स्नोबोर्ड आणि कपडे बनवणाऱ्या कंपन्यांचं असे. त्यांची अपेक्षा स्पष्ट होती. रायडर, म्हणजे बोर्डवरचा खेळाडू, कुठून उडाला आणि कुठे उतरणार हे एकाच फ्रेममध्ये दिसावं, बोर्डाच्या तळावरचं चित्र लख्ख यावं. त्या कामाने आमचा हात घडवला. बर्फाचा पांढरा पसारा कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर करडा करून टाकतो, म्हणून एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात.

पुढे रायडर स्वतःसाठी फोटो काढून घ्यायला येऊ लागले आणि आमच्या कामाला खरं वळण मिळालं. आम्हाला निर्दोष वाटणारे फोटो ते सरळ बाजूला ठेवत. कारण विचारलं की बोट ठेवत ते गुडघ्यावर, खांद्यावर, बोर्ड धरलेल्या हातावर.

उडीत हाताने बोर्ड धरणं म्हणजे ग्रॅब. त्यातला ‘मेथड’ हा ग्रॅब घ्या. पुढच्या हाताने टाचेकडची कड पकडायची, गुडघे दुमडून बोर्ड पाठीमागे ओढायचा. शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं, पण तो ताण पूर्ण दिसतो क्षणभरच. त्याच्या आधी हात नुसता बोर्डाकडे चाललेला असतो आणि नंतर रायडर उतरायच्या तयारीला लागलेला. तिन्ही फोटो सारखेच स्वच्छ येतील, पण त्या रायडरची मस्ती, त्याचा बेदरकारपणा मधल्या एकाच फोटोत असतो. म्हणूनच फोटोत भावना मोठी की तंत्र, हा फोटोग्राफरांमधला वाद स्नोबोर्डिंगपुरता तरी मला अपुरा वाटतो. इथे भावना चेहऱ्यावर शोधून उपयोग नाही, तो बहुतेक वेळा गॉगलमागे झाकलेला असतो. ती शरीराच्या वळणात असते, आणि ते वळण ओळखायला ट्रिक, म्हणजे उडीतली कसरत, माहीत असावी लागते.

त्यामुळे आमच्याकडे नवा माणूस आला की कॅमेऱ्याआधी ट्रिक शिकतो. उतारावर उभं राहून कोणता ग्रॅब होता, पुढचा पाय कुठला होता, हे सांगता येईपर्यंत उड्या बघत राहतो. सलग फ्रेम टिपणारा कॅमेरा हाती असला तरी नेमकी फ्रेम निवडणारी नजर त्यातूनच तयार होते.

अंतिम निवडीला आम्ही आता रायडरला शेजारी बसवतो. कंपनीचं काम असलं तरीही. ग्रॅब अर्धवट दिसतोय असं तो म्हणाला, तर प्रकाश कितीही सुंदर असो, तो फोटो आमच्याकडून बाहेर जात नाही.