डेम्लो संख्यांची नोंद: १२३४५६७८९८७६५४३२१ फोडून झाली

या वेळी नऊ एकांचा वर्ग घेतला, म्हणजे १११११११११ × १११११११११. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांच्या कुळाला डेम्लो म्हटलं ते डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. त्यांची अट अशी: मधला भाग एकाच अंकाचा हवा, आणि डावा-उजवा भाग मिळवले की तोच अंक ओळीने यायला हवा. इथे मधे ९ आहे आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. अट पुरी.

हिच्या देखणेपणाचं श्रेय एकाच गोष्टीला: गुणाकारात कुठेही हातचा येत नाही. उभ्या रकान्यांत १, २, ३ करत जास्तीत जास्त नऊच एक जमतात. दहा एकांचा वर्ग करून बघा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा शेजारच्या नवात गेला, त्याचेही दहा झाले, आणि तो हातचा आठाला मिळून आठाचा नऊ झाला. डावीकडचा ८ गायब! अंकांची बेरीजही १०० न होता ८२ भरते, कारण प्रत्येक हातच्यामागे ९ कमी होतात आणि इथे हातचे दोन.

आता अवयव. १११११११११ = १११ × १००१००१ हे दिसलं की काम सोपं. दोन्हींना ३ ने भाग जातो, उरतात ३७ आणि ३३३६६७. यांतली ३३३६६७ हीसुद्धा मूळ संख्या आहे. खात्री करायला ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. (तिचा वर्ग १११३३३६६६८८९ येतो. कशासाठी उपयोगी नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९. म्हणजे आपली संख्या ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९. इथेही आठ नाहीच! १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… येतं, तीच ही मालिका. दहा एकांच्या वर्गातला हरवलेला आठही इथलाच. शिवाय ९९९९९९९९९ × १२३४५६७९ केलं तरी उत्तर आपली संख्याच येते.

विभाजक ४५ निघाले: ५ × ३ × ३. वर्गसंख्या असल्याने विषम असणारच. बावीस जोड्या आणि एकटं वर्गमूळ.

पडताळणी स्प्रेडशीटमध्ये करू नका. एक्सेल पंधरा अंकच धरतं आणि शेवटचे २१ पुसून ०० ठेवतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या साध्या संख्येतही शेवटी १ ऐवजी ० येतो. पायथनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो, नाहीतर कागद आहेच.

दहा एकांचंही उरकलं: ११ × ४१ × २७१ × ९०९१, म्हणून त्याच्या वर्गाला ८१ विभाजक. पुढचा मुक्काम एकोणीस एकांचा. ती संख्या मूळ आहे, त्यामुळे सदतीस अंकी वर्गाला विभाजक फक्त तीन. तिथे हातच्यांचा हिशोब मात्र बराच लांबणार.