शिआन: चार दिशा पाठ करून जा

शिआनला जाणार असाल तर निघण्याआधी चार चिनी शब्द पाठ करा. दोंग म्हणजे पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, बेइ उत्तर. सोबत मन म्हणजे वेस, ता म्हणजे मनोरा आणि दाजिए म्हणजे हमरस्ता एवढं लक्षात ठेवलं की मेट्रोच्या पाट्या आपोआप कळायला लागतात. बीजिंगहून येणाऱ्या बहुतेक वेगवान गाड्या शिआन बेइला थांबतात. नुसतं शिआन हे स्टेशन वेगळं, तटबंदीला लागून. तिकिटावर बेइ आहे का, ते बघूनच निघा.

शहराच्या मधोमध चोंगलोउ, म्हणजे घंटेचा मनोरा. 1384 साली बांधलेला आणि 1582 मध्ये आहे तसा हलवून इथे आणलेला. त्याच्या चारही बाजूंना दोंग दाजिए, शी दाजिए, नान दाजिए आणि बेइ दाजिए जातात. चुकल्यासारखं वाटलं की आम्ही इथेच परत यायचो. भोवती सतत गाड्या धावत असतात, त्यामुळे मनोऱ्यात भुयारी मार्गानेच शिरावं लागतं.

दक्षिणेच्या वेशीचं नाव मेट्रोच्या नकाशावर योंगनिंगमन आहे, पण लोक तिला नानमनच म्हणतात. तटावर इथूनच चढा. मिंग काळातली ही तटबंदी पावणेचौदा किलोमीटरची आहे आणि वरचा रस्ता इतका रुंद की सायकली भाड्याने मिळतात. सावली मात्र अजिबात नाही; उन्हाळ्यात चार वाजल्यानंतरच जा.

खरा वेळ राखून ठेवा तो दायानता या बौद्ध मनोऱ्यासाठी. तटाबाहेर दक्षिणेला आहे म्हणून बरेच जण हा मनोरा शेवटी उरकतात, ते बरोबर नाही. आजचा तट आहे त्याच्या कितीतरी पट मोठं होतं तांग राजवटीतलं छांगआन, म्हणजे तेव्हाचं शिआन, आणि हा मनोरा त्या शहराच्या आत होता. ह्युएन त्संग 645 साली भारतातून इथे परतला. त्याने आणलेल्या पोथ्या आणि मूर्ती जपण्यासाठी 652 मध्ये हा मनोरा उभा राहिला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला होता. तिथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या मातीबद्दल लिहिणारा माणूस याच आवारात बसून पोथ्यांचे अनुवाद करत होता, हे कळल्यावर माझा तिथून पाय निघेना.

मनोऱ्यावर चढण्याचं तिकीट भोवतालच्या बौद्ध मठाच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं. चढलात नाही तरी चालेल, पण तळाशी दक्षिणेकडच्या दाराजवळ थांबाच. दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत एकेक शिलालेख आहे, अक्षर तांग काळातल्या छू स्वेइलियांग या सुलेखनकाराचं. एक लेख उजवीकडून डावीकडे जातो, दुसरा डावीकडून उजवीकडे, त्यामुळे दाराशी उभं राहिलं की दोन्ही एकमेकांसमोर जुळतात. रेघा बारीक, तरी अजून स्वच्छ वाचता येतील अशा. समोरून गर्दी निघून जात होती, कुणी तिकडे बघतही नव्हतं. मेट्रोचं स्टेशन दायानता नावाचंच आहे. कारंज्यांचं मैदान उत्तरेला आहे, मठाचं दार दक्षिणेला, ह्युएन त्संगच्या पुतळ्यामागे.

मशीद बघायची तर नगारखान्याच्या, म्हणजे गुलोउच्या, कमानीखालून पलीकडे जा आणि डावीकडे ह्वाज्युए श्यांग या गल्लीत वळा. घुमट शोधू नका. आत एकामागून एक लाकडी चौक आहेत आणि मिनाराच्या जागी पॅगोडासारखी इमारत. बाहेरच्या गल्ल्यांत मटणाचा घमघमाट असतो. शाकाहारी मंडळींनी 'वो छ सू' म्हणावं आणि ल्यांगफी, म्हणजे गार शेवया, मागवाव्यात. त्यात मांस नाही ना, ते मात्र विचारून घ्या.

मातीच्या सैनिकांसाठी, म्हणजे टेराकोटा आर्मीसाठी, पासपोर्टवर आधीच ऑनलाइन तिकीट काढा. सैनिक लिंतोंगला आहेत, शहरापासून बरेच लांब. नऊ नंबरच्या मेट्रोने ह्वाचिंगछपर्यंत जाऊन पुढे बस मिळते. बसवर 'बिंगमायोंग', म्हणजे या सैनिकांचं चिनी नाव, लिहिलेलं असतं. हे नाव आधीच चिनी लिपीत फोनमध्ये ठेवा, कारण रस्त्यावर इंग्रजी नाव कुणाला कळत नाही.